राष्ट्रीय चषक आणि सोलापूरचा हौशी क्लब : पार्श्वभूमी

सोलापूरचे हौशी फुटबॉल क्लब राष्ट्रीय पातळीवरील बाद स्पर्धेत (हरलेला संघ बाहेर पडतो अशा स्पर्धेत) का दिसत नाहीत, याचे उत्तर केवळ खेळाडूंच्या तयारीत शोधणे अन्यायाचे ठरेल. लहान क्लबाला प्रवास परवडतो का, हा प्रश्न पहिल्या चषकाइतकाच जुना आहे.

इंग्लंडमध्ये एफए (फुटबॉल असोसिएशन) चषकाची पहिली स्पर्धा १८७१-७२ मध्ये झाली, तेव्हा अवघ्या १५ क्लबांनी नावे नोंदवली होती. त्यांत ग्लासगोचा क्वीन्स पार्क हा निखळ हौशी क्लब होता. दूरचे अंतर लक्षात घेऊन त्याला एकही सामना न खेळता थेट उपांत्य फेरीपर्यंत पुढे चाल मिळाली आणि लंडनच्या प्रवासासाठी गावात वर्गणी गोळा झाली. वाँडरर्सविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. परंतु फेरसामन्यासाठी लंडनमध्ये राहण्याइतका पैसा हाताशी नसल्याने या संघाने न हरताच माघार घेतली आणि वाँडरर्सने पुढे चषक जिंकला. वर्गणीवर चालणाऱ्या आपल्याकडील कोणत्याही मंडळाला ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्यावरचा टिकाऊ उपाय १८८८-८९ च्या हंगामापासून सुरू झालेल्या पात्रता फेऱ्यांतून मिळाला. सुरुवातीचे सामने जवळच्या क्लबांमध्येच होऊ लागले आणि २०११-१२ मध्ये सहभागी क्लबांची संख्या ७६३ झाली. फ्रान्सने ही कल्पना आणखी पुढे नेली. १९१७ मध्ये सुरू झालेल्या तेथील चषकात आज सात हजारांहून अधिक क्लब उतरतात, प्रारंभीच्या फेऱ्या प्रादेशिक पातळीवर होतात आणि दोन किंवा अधिक श्रेणींनी खालच्या क्लबाला घरच्या मैदानावर खेळण्याचा हक्क मिळतो. याच रचनेमुळे २००० मध्ये चौथ्या श्रेणीतील कॅले हा हौशी संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि नान्तकडून १-२ असा पराभूत झाला.

भारतात आरंभ उशिरा झाला असे नाही. सिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड चषक, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक आणि कोलकात्यात १८९३ मध्ये आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) शील्ड सुरू झाली. १९११ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून शील्ड जिंकली, ती आपल्याच शहरातील स्पर्धेत. १९४१ पासूनचा संतोष करंडक राज्य संघांचा असल्याने क्लबांना त्यात स्थान नव्हते. १९७७ मध्ये क्लबांसाठी फेडरेशन चषक आला, तरी तो प्रामुख्याने आघाडीच्या क्लबांपुरता राहिला, आणि २०१८ मध्ये त्याची जागा घेणारा सुपर चषकही वरिष्ठ लीगमधील संघांभोवतीच उभा राहिला. जिल्ह्यातून वर नेणारी पहिली पायरीच या रचनेत बांधली गेली नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे.

सोलापूरहून मुंबई लोहमार्गाने सुमारे ४५५ किलोमीटर आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी सामना खेळायचा, तर यंत्रमागावर किंवा दुकानात काम करणाऱ्या खेळाडूचा रोजगार बुडतो आणि संपूर्ण संघाच्या भाड्याचा व मुक्कामाचा भार क्लबावर येतो. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर हजारो प्रेक्षकांसमोर खेळतात, कारण प्रतिस्पर्धी शेजारच्या पेठेतलाच असतो. सोलापूर, धाराशिव आणि लातूर येथील क्लबांची पहिली फेरी एकत्र घेतली, तर बहुतेक संघांना त्याच दिवशी सामना आटोपून एसटीने घरी परतता येईल.