सावलीच्या टोकापासून सातपट

दहावीला समरूपतेचं प्रकरण सुरू झालं की पुण्यातल्या क्लासेसमध्ये कोकोको, बाकोबा, बाबाबा (कोन-बाजूंवरून त्रिकोण समरूप ठरवायच्या कसोट्या) यांची घोकंपट्टी चालते. ही वाट युक्लिडची, इ.स.पू. 300 च्या सुमाराची. दोन तयार त्रिकोण समोर ठेवायचे आणि कोन, बाजू जुळवून पाहायच्या. एका त्रिकोणातून दुसरा कसा निघतो, हा प्रश्नच त्यात नाही.

आपल्याकडे हे काम त्रैराशिकाने, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून प्रमाणाने चौथी काढून, भागत असे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) दिव्याचं एक उदाहरण आहे. दिवा साडेतीन हात उंच, त्याच्यापासून 3 हातांवर 12 अंगुळांचा शंकू (उभी खुंटी), तर तिची सावली केवढी? 24 अंगुळांचा एक हात, म्हणजे शंकू अर्ध्या हाताचा; सावलीही तेवढीच, 12 अंगुळे. आता आकृती काढा. सावलीचं टोक जागचं न हलवता शंकूचा चिमुकला त्रिकोण 7 पट वाढवला की थेट दिव्याचा त्रिकोण मिळतो. भास्कराचार्य हे असं मांडत नाहीत, ते गुणून-भागून मोकळे होतात. पण केंद्र (जागचा न हलणारा बिंदू) आणि पट दोन्ही त्या आकृतीत आहेत.

केंद्र धरून आकृती वाढवणारं यंत्र, पँटोग्राफ, क्रिस्टोफ शायनरने 1603 च्या सुमारास बनवलं. नकाशे लहान-मोठे करणाऱ्यांच्या ते पुढे फार कामी आलं. सिद्धान्ताला मात्र वेळ लागला. भूमितीकडे रूपांतरणांच्या, म्हणजे आकृती सरकवणं, फिरवणं, वाढवणं अशा क्रियांच्या नजरेने पाहायचं, हा जर्मन गणिती फेलिक्स क्लाइनचा आग्रह 1872 चा. अमेरिकेच्या 2010 च्या शालेय निकषांत समरूपता याच वाटेने येते.

बालभारतीच्या पुस्तकात ती कल्पना रचनेच्या उदाहरणांत दडली आहे. 'शिरोबिंदू ब सामाईक' असलेला समरूप त्रिकोण काढा, म्हणतात ना, तिथे ब हेच केंद्र असतं. हे वर्गात एका वाक्यात सांगता येईल, तरी क्वचितच सांगतात.

क्षेत्रफळाची गफलतही या पटीतूनच होते. बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होतं. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सवाल्याला ए-फोरचं ए-थ्री करायला सांगा, तो मशीनवर 200 नव्हे, 141 टक्के लावतो. कागद दुप्पट हवा, तर बाजू वर्गमूळ 2 पट. 200 लावले तर त्याला ए-फोरचे चार कागद जोडावे लागतील.