प्रोटॉनमध्ये तीनच क्वार्क?

परवा दादरला बहिणीकडे गेलो, तर भाचा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रोटॉन बनवत बसला होता. पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू, आत तीन रंगीत मणी, म्हणजे प्रोटॉन ज्यांचा बनतो ते क्वार्क नावाचे कण. "मामा, तीन क्वार्क म्हणजे प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांश ना?" प्रश्न चोख होता. मी पलंगाखालचा कॅरम ओढला.

बोर्डाच्या मधल्या भागावर पुठ्ठ्याचं छप्पर केलं. आता सोंगट्या दिसत नाहीत, फक्त स्ट्रायकर आत जाताना आणि बाहेर येताना दिसतो. तो किती वळला आणि किती वेग गमावून आला, एवढ्यावरून आत कशावर आपटला ते ओळखता येतं. तेवढ्याच कोनात वळताना जड वस्तू असेल तर वेग थोडा जातो, हलकी असेल तर बराच.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या ३ किलोमीटर लांब त्वरकावर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर) १९६७पासून हेच झालं. स्ट्रायकर होता इलेक्ट्रॉन. समजा, तो १७ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने आला, १० अंशांत वळला आणि १० अब्ज घेऊन निघाला. या तीन आकड्यांवरून गणित मांडलं की ज्याला धडक बसली त्याचं वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण ०.३९ पट निघतं. वेगाने धावणाऱ्या प्रोटॉनच्या भाषेत, त्या तुकड्याकडे एकूण संवेगाचा ३९ टक्के वाटा होता. अशा असंख्य टकरी मोजल्या की कोणता वाटा किती वेळा सापडतो त्याचा आलेख मिळतो.

पण आत खरंच सुटे कण आहेत हे कशावरून? खरी परीक्षा इथे आहे, आणि मला ती फार आवडते. इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदला, कोन बदला. वाटा तोच असलेल्या टकरी निवडल्या की आलेख जवळपास तोच येतो. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ब्यॉर्केन यांनी हे भाकीत आधीच केलं होतं. रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९मध्ये त्याचा सरळ अर्थ लावला: आत बिंदूसारखे कण आहेत आणि टक्कर इतकी क्षणिक असते की तेवढ्यापुरता प्रत्येक जण एकटाच असतो. त्यांना त्यांनी नाव दिलं पार्टॉन. प्रोटॉन नुसता मऊ गोळा असता, तर मोठ्या कोनात वळणारे इलेक्ट्रॉन झपाट्याने घटले असते. तसं झालं नाही. हे प्रयोग करणाऱ्या फ्रीडमन, केंडॉल आणि टेलर यांना यासाठी १९९०चं नोबेल मिळालं.

आता भाच्याचा प्रश्न. आलेखात एक तृतीयांशावर टोकदार सुळका नाही, पसरट उतार आहे. विद्युतभार असलेले पार्टॉन म्हणजेच क्वार्क; त्या सगळ्यांचे वाटे जोडले तरी संवेगाचा निम्माच हिशोब लागतो. उरलेला निम्मा, क्वार्कांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑन नावाच्या कणांकडे. त्यांना विद्युतभार नसल्यामुळे इलेक्ट्रॉनला ते दिसतच नाहीत. हॅम्बुर्गच्या हेरा त्वरकाने (१९९२ ते २००७) तर दाखवलं की वाटा जितका लहान, तितकी अशा कणांची गर्दी जास्त.

'क्वांटम ऊर्जे'ची लॉकेटं विकणाऱ्यांना असं एक मोजमाप विचारा: काय बदललं की काय दिसेल? तेवढं सांगता येत नसेल, तर ती सरळ फसवणूक आहे.

कुलाब्याच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस या कणशोधकासाठी बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारा भाग, बनवला. तिथे प्रोटॉन एकमेकांवर आदळतात आणि हिग्ज बोसॉन (मूलभूत कणांच्या वस्तुमानाशी जोडलेला कण) प्रामुख्याने दोन ग्लुऑनांच्या टकरीतून जन्मतो; तो किती वेळा दिसावा हे ग्लुऑनांचा वाटा माहीत असल्याशिवाय काढता येत नाही.

भाच्याने स्वयंपाकघरातून मूठभर मोहरी आणून चेंडूत ओतली. आता ते तीन मणी शोधावे लागतात.