अलिबाग परिसरातील अवशेष व देवस्थाने

रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या अलिबागच्या दक्षिणेला चौल, रेवदंडा आणि कोर्लई हा जुन्या बंदराचा पट्टा आहे. समुद्रात कुलाबा किल्ला आणि उत्तरेला मापगावच्या डोंगरावर कनकेश्वर हे शंकराचे देवस्थान आहे. सुटीत येणाऱ्यांची बहुतेक गर्दी किनाऱ्यावरच थांबते, त्यामुळे कुलाबा सोडल्यास ही ठिकाणे एरवी निवांत असतात.

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येते, पण त्यासाठी घड्याळाआधी पंचांग पाहावे. या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी नवाच्या आसपास. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी बाराला येते आणि सोयीची वाटते, पण ते भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस असतात. पाणी फारसे हटत नाही आणि वाटेत गुडघाभर राहू शकते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप मागे जाते, मात्र ते पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत चांगले. माघी गणेश जयंती चतुर्थीलाच येत असल्याने किल्ल्यातल्या गणपतीला पायी जाणाऱ्यांना सकाळची ओहोटी आपसूक सापडते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि पाणी वळल्यावर तासाभरात परतावे. किल्ल्यात रेंगाळणाऱ्यांची फसगत होते ती परतताना, कारण खडकांमधले सखल पट्टे आधी भरतात आणि पुढची वाट कोरडी दिसत असली तरी मधली बुडालेली असते. भरतीत होडीनेच जावे लागते. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पाहावी, पाऊणपट हा अदमास आहे.

तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते, तिचा जोर मोडतो आणि पाणी पुन्हा बाहेर वाहून जाते. गणेश पंचायतन मंदिर राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधले. गोड्या पाण्याची सोयही आत आहे. तटावरच्या चाकांच्या गाड्यावरील दोन तोफांपुढे आंग्र्यांच्या म्हणून छायाचित्रे काढली जातात, पण त्यांवर 1849 हे साल आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचे नाव कोरलेले आहे. आंग्र्यांचे संस्थान तोवर खालसा झाले होते.

चौल हे कान्हेरीच्या शिलालेखांतले ‘चेमुल’. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदी आणि पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन येथे येऊन गेला. आज मात्र बंदराची कल्पना करावी लागते, कारण अवशेष नारळी-पोफळीच्या वाड्यांत विखुरले आहेत आणि पुष्कळांची वाट खासगी आवारातून जाते. विचारूनच आत शिरावे. रामेश्वर मंदिरापुढे पुष्करणी असून अवर्षणात पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा आहे. हिंगळाज देवीचे ठाणे जुन्या बौद्ध लेण्यांत आहे. दत्ताच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते. त्या दिवशी रस्ता तुंबतो आणि कुलाब्याची ओहोटीही सकाळी लवकर व संध्याकाळीच मिळते, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी करण्याच्या भानगडीत पडू नये.

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट 1521 पासून उभा राहू लागला आणि 1740 मध्ये मराठ्यांकडे आला. अलिबागहून येणारा रस्ता थेट तट फोडून आत शिरतो, त्यामुळे नवखा माणूस किल्ल्यात येऊनही किल्ला शोधत राहतो. फ्रान्सिस्कन चर्चचा ‘सातखणी’ मनोरा आता तेवढ्या खणांचा उरलेला नाही. तो ढासळता असल्याने दुरूनच पाहावा. समुद्राकडच्या तटावर पावसानंतर गवत माजते आणि फटी, भुयारांची तोंडे झाकली जातात. हा भाग डिसेंबरनंतर नीट दिसतो.

कुंडलिका खाडीचा पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीजांनी हा किल्ला 1594 मध्ये निजामशाहीकडून घेतला. दीपगृहाजवळून वर जाणारी वाट सोपी आहे, मात्र माथ्याच्या चिंचोळ्या धारेवर सावली नाही. पाणी खालूनच न्यावे. पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून घडलेली ‘नौ लिंग’ ही बोली अजून बोलली जाते.

कनकेश्वरच्या सुमारे साडेसातशे पायऱ्या उन्हाआधी चढाव्यात. मुंबईहून येणाऱ्यांसाठी गेटवे ते मांडवा लाँच सोयीची, पण ती पावसाळ्यात बंद असते.