बेलिनी म्हणजे पीचचा मिमोसा नव्हे

ब्रंचच्या मेन्यूवर मिमोसा आणि बेलिनी ही दोन्ही कॉकटेल्स शेजारी शेजारी असतात आणि समजूत ठरलेली: एकात संत्र्याचा ज्यूस, दुसऱ्यात पीचचा, बाकी सारखंच. ही समजूत ऐकून ऐकून कान किटले आहेत.

मिमोसा तुम्हाला ठाऊकच आहे. संत्र्याचा ताजा रस आणि शॅम्पेन, निम्मं निम्मं. लंडनच्या बक्स क्लबातल्या १९२१च्या बक्स फिझमध्ये शॅम्पेन रसाच्या दुप्पट, एवढाच काय तो फरक.

बेलिनी व्हेनिसची. जुझेप्पे चिप्रियानी यांनी १९३१मध्ये सान मार्कोजवळ हॅरीज बार उघडला आणि पुढे तिथेच ती बनवली. साल बहुधा १९४८ सांगतात. तिचा फिकट गुलाबी रंग पाहून त्यांनी तिला चित्रकार जोव्हान्नी बेलिनीचं नाव दिलं.

खरी गल्लत पुढे आहे. बेलिनीत रस नसतोच, गर असतो, आणि तोही पांढऱ्या पीचचा. पिवळा पीच जास्त आंबट. पांढऱ्याचा गोडवा हळुवार, वास फुलासारखा आणि बाठ्यालगतचा गर लालसर. हा गर चाळणीतून गाळून, चांगला गार करून ग्लासात आधी घालायचा. मग प्रोसेको ही इटलीची स्पार्कलिंग वाइन, गराच्या दुप्पट, अगदी सावकाश. घाई केली की फेस उसळून बाहेर येतो. गर तळाशी बसतो, म्हणून लांब चमच्याने एकदाच खालून वर हलवायचं. फार ढवळलं तर बुडबुडेच मरतात. रसाच्या मिमोसाला यातलं काहीच लागत नाही.

वाइनही म्हणूनच वेगळी. प्रोसेको बहुतेक वेळा मोठ्या टाकीत दुसऱ्यांदा आंबवतात, त्यामुळे द्राक्षाचा ताजा, फळाचा वास टिकतो. शॅम्पेन बाटलीतच आंबते, यीस्टच्या गाळावर महिनोन्महिने राहते आणि तिला भाजलेल्या पावासारखा वास येतो. त्यापुढे पांढऱ्या पीचचा नाजूक वास टिकत नाही. बेलिनीत महागडी शॅम्पेन ओतणं मला तरी चैन वाटत नाही, दोन्हींची नासाडी वाटते.

पाकातले डबाबंद पीच आणि बाटलीतलं सिरपही नकोच. पिकलेले पांढरे पीच हाताशी नसतील तर सरळ मिमोसा करा. त्याला नाशिकची, बाटलीत आंबवलेली, कोरडी स्पार्कलिंग वाइनसुद्धा छान जमते.