खुला हॅम रिपीटर उभारायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

एका भागात दहा-पंधरा हॅम (परवाना घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलणारे) झाले, की कधी ना कधी विषय निघतोच: आपला एक रिपीटर हवा. हातातल्या पाच वॉटच्या सेटचा आवाज इमारती आणि टेकड्या अडवतात. उंचावर बसवलेला रिपीटर तोच आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवरून जास्त ताकदीनं पुन्हा पाठवतो. अँटेना आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच असेल, तर रेडिओचं क्षितिज, म्हणजे सिग्नल सरळ पोहोचण्याची हद्द, साधारण ४१ किलोमीटरवर जातं. आणि ‘खुला’ म्हणजे क्लबचा सभासद असो वा नसो, कुणीही परवानाधारक हॅम विचारल्याशिवाय वापरू शकेल असा.

मशीन उभं करणं त्यामानानं सोपं आहे. अडतं ते कागदावर. अर्ज परत येतात त्यामागे तांत्रिक चुका असतातच, पण त्याहून जास्त वेळा एकाच प्रश्नाचं उत्तर नीट दिलेलं नसतं: काही बिघडलं, तर हे यंत्र कोण आणि किती लवकर बंद करणार? खुला रिपीटर बेवारस असून चालत नाही. अर्जाचा प्रत्येक कागद या प्रश्नाकडे बघून तयार करा.

अर्ज कोण करू शकतं?

आधी आपल्या देशातली पद्धत कोणती आहे ते बघा. ढोबळमानानं दोन प्रकार आढळतात. अमेरिकेत रिपीटरसाठी वेगळा परवाना लागत नाही. ‘टेक्निशियन’ या परवाना-श्रेणीचा किंवा त्यावरच्या श्रेणीचा हॅम आपल्याच परवान्यावर रिपीटर चालवू शकतो. फ्रिक्वेन्सीचं समन्वयन, म्हणजे कोणत्या रिपीटरनं कोणती फ्रिक्वेन्सी वापरायची हे ठरवणं, तिथे स्वयंसेवी मंडळी करतात. ते सक्तीचं नाही, पण समन्वयित आणि असमन्वयित रिपीटरमध्ये व्यत्यय आला, तर तो दूर करण्याची मुख्य जबाबदारी असमन्वयित रिपीटरवाल्याची, असं नियमच सांगतो. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे कमी शक्तीचे रिपीटर सोडले, तर रिपीटरला स्वतंत्र मंजुरी लागते आणि स्वतंत्र कॉल साइन (स्टेशनची अक्षर-आकड्यांची ओळख) मिळतो. ‘जीबी३’नं सुरू होणारे कॉल साइन त्यातलेच. तुमच्या देशातली पद्धत यांपैकी कोणत्या बाजूला झुकते, हे नियामक कार्यालयाकडून किंवा राष्ट्रीय हॅम संघटनेकडून आधी लेखी समजून घ्या.

क्लबच्या नावानं अर्ज केला तरी बहुतेक ठिकाणी एक जबाबदार परवानाधारक नेमावा लागतो. त्याच्या परवान्याची श्रेणी आणि मुदत दोन्ही तपासा. मुदत संपत आली असेल, तर आधी नूतनीकरण, मग अर्ज.

हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय व्याख्याच ‘आर्थिक हितसंबंधाशिवाय’ अशी आहे. त्यामुळे टॅक्सी सेवा, दुकान किंवा सुरक्षा कंपनीचे संदेश या रिपीटरवर चालणार नाहीत. अर्जाच्या ‘उद्देश’ या रकान्यात हौशी संपर्क, प्रशिक्षण, तांत्रिक प्रयोग आणि आपत्तीतली मदत एवढंच लिहा. स्थानिक मदत पथकाला रिपीटरचा उपयोग होणार असेल, तर तो परवानाधारक ऑपरेटरमार्फत होईल हेही स्पष्ट करा. बिनपरवाना माणसाच्या हाती माइक देता येईल का, हे प्रत्येक देशाचे नियम ठरवतात. गृहीत धरू नका.

क्रम चुकवू नका

आधी जागा, मग फ्रिक्वेन्सीचं समन्वयन, मग अर्ज आणि खरेदी सगळ्यात शेवटी. उत्साहाच्या भरात लोक ड्युप्लेक्सर (एकाच अँटेनावर एका वेळी ऐकणं आणि पाठवणं शक्य करणारा फिल्टर) आधी घेतात. पण तो ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या जोडीसाठी ट्यून केलेला असतो. दोन मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) इनपुट (ऐकण्याची फ्रिक्वेन्सी) आणि आउटपुटमध्ये (पाठवण्याची) सहसा फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं, आणि एवढ्या जवळच्या जोडीसाठी पुन्हा ट्यूनिंग करायला चांगली मापनयंत्रं लागतात. मंजूर झालेली जोडी वेगळी निघाली, तर पैसे आणि वेळ दोन्ही गेले.

समन्वयनासाठी जाताना आपली पसंतीची जोडी आणि एखादा पर्याय हाती ठेवा. बँडच्या सीमा जगभर सारख्या नाहीत: फ्रिक्वेन्सी-वाटपासाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत, आणि दोन मीटर बँड आंतरराष्ट्रीय विभाग १ मध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, तर विभाग २ आणि ३ मध्ये १४४ ते १४८ असा आहे. शिवाय देश तो आणखी आवळू शकतो. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या रिपीटरची जोडी उचलून अर्जात टाकू नका. जोडी सुचवण्याआधी काही आठवडे ती फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या वेळी ऐका आणि नोंद ठेवा. ही नोंद अर्जाला जोडली, की समन्वयकाचं काम सोपं होतं.

जागामालकाचं संमतिपत्र

‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर भागवू नका. अँटेना कुठे बसणार, उपकरणं कोणत्या खोलीत, वीज कुणाची आणि बिल कोण भरणार, रात्री-अपरात्री आत जाता येईल का, किल्ली कुणाकडे, जागा सोडायला सांगायची झाली तर किती आधी कळवायचं, हे सगळं त्यात यायला हवं. रात्री आत जाण्याची परवानगी सगळ्यात महत्त्वाची. ट्रान्समीटर अडकून सतत वाहक (आवाजाशिवायचा कोरा सिग्नल) सोडत राहिला आणि दूरनियंत्रणही चाललं नाही, तर कुणाला तरी तिथे जाऊन स्विच बंद करावाच लागतो. मनोरा नव्यानं उभारणार असाल, तर बांधकाम आणि विमान वाहतुकीसंबंधीच्या मंजुऱ्या वेगळ्या. आधीच्या मंजूर मनोऱ्यावर जागा मिळाली, तर हा सगळा भाग बराच हलका होतो.

तांत्रिक तपशीलपत्र

इथे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून जागेची उंची आणि जमिनीपासून अँटेनाची उंची वेगवेगळी लिहायची असते. या दोन उंचींची अदलाबदल झाली, की व्याप्तीचा नकाशाच चुकतो.

दुसरी नेहमीची गफलत प्रभावी विकिरित शक्तीत, म्हणजे तोटा वजा करून आणि अँटेनाचा लाभ धरून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीत होते. समजा ट्रान्समीटर २५ वॉटचा आहे. ड्युप्लेक्सरमध्ये १.५ डेसिबल आणि केबलमध्ये १.५ डेसिबल गेले, म्हणजे ३ डेसिबलचा तोटा. अँटेनाचा लाभ डायपोलच्या (साध्या दोन दांड्यांच्या अँटेनाच्या) तुलनेत ६ डेसिबल. निव्वळ ३ डेसिबल वाढ, म्हणजे शक्ती जवळपास दुप्पट: ५० वॉट. आता हीच अँटेना उत्पादकाच्या पत्रकात ८.१५ डेसिबल अशी दिसेल, कारण तो आकडा समदिश (सर्व दिशांना सारखं पाठवणाऱ्या काल्पनिक) अँटेनाच्या तुलनेत असतो आणि दोहोंत २.१५ चा फरक आहे. कोणता आकडा धरला ते लिहाच.

उत्सर्जनाचा प्रकारही विचारतात. ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी जेवढी मागेपुढे सरकते ते अंतर) एफएम आवाजासाठी बँडविड्थ साधारण १६ किलोहर्ट्झ धरतात, २.५ साठी ११. सोबत साधी ठोकळा-आकृती जोडा: रिसीव्हर, कंट्रोलर, ट्रान्समीटर, ड्युप्लेक्सर, अँटेना. डिजिटल पद्धत असेल तर तिचं नाव द्या. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा हौशी सेवेत चालत नाही, म्हणून एन्क्रिप्शन बंद असल्याचं लिहिलेलं बरं.

नियंत्रण: अर्जाचा कणा

या पानावर सर्वात जास्त मेहनत घ्या. किमान दोन-तीन नियंत्रक ऑपरेटरांची नावं, कॉल साइन आणि कोणत्याही वेळी उचलला जाईल असा फोन द्या. बंद करण्याचे दोन स्वतंत्र मार्ग दाखवा, उदाहरणार्थ वेगळ्या बँडवरून टोनद्वारे आणि मोबाइलवरून. दोन्ही मार्ग एकाच इंटरनेट राउटरवर अवलंबून असतील, तर ते दोन धरता येत नाहीत. टाइम-आउट टायमर (सलग प्रक्षेपण फार लांबलं, की ते आपोआप थांबवणारा) किती मिनिटांचा आहे तेही नमूद करा. अमेरिकेत नियंत्रणाचा दुवा तुटल्यास स्टेशननं ३ मिनिटांच्या आत प्रक्षेपण थांबवावं लागतं. तुमच्याकडे असा आकडा दिलेला नसेल, तरी हाच धरायला हरकत नाही.

ओळख कशी दिली जाणार, हेही याच पानावर. बहुतेक रिपीटर मोर्समध्ये आपोआप कॉल साइन पाठवतात. प्रवेशासाठी सबऑडिबल टोन (आवाजासोबत जाणारा, ऐकणाऱ्याला न जाणवणारा खालचा सूर) ठेवणार असाल, तर तो जाहीर करणार असं लिहा. टोन लावला म्हणून रिपीटर बंदिस्त होत नाही. नुसत्या गोंगाटानं किंवा दूरच्या रिपीटरच्या सिग्नलनं तो उघडू नये, एवढ्यासाठीच टोन असतो.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्रातल्या अटी रिपीटरच्या खोलीत चिकटवून ठेवा. फ्रिक्वेन्सी, शक्ती, अँटेनाची उंची किंवा जागा बदलायची झाली, तर आधी सुधारित मंजुरी घ्या. सुरू करताना बंद करण्याचे दोन्ही मार्ग वापरून बघा आणि तारीख नोंदवा; नंतरही अधूनमधून हीच चाचणी घ्या, कारण वर्षभर न वापरलेला मार्ग ऐनवेळी चालेलच असं नाही.

जबाबदार परवानाधारक बदलायचा असेल, तर त्याचा परवाना संपायची वाट बघू नका. त्याचा परवाना गेला, की बहुतेक ठिकाणी रिपीटरची मंजुरीही सोबत जाते आणि जोडी दुसऱ्या अर्जदाराला मोकळी होऊ शकते. नव्या व्यक्तीचं संमतिपत्र, तिच्या परवान्याची प्रत आणि क्लबचा ठराव आधीच्या व्यक्तीच्या सहीनिशी पाठवा, आणि नव्या नावाचं पत्र हाती येईपर्यंत नियंत्रकांच्या यादीत जुनं नाव तसंच राहू द्या.