हजेरी लागली, काम कुठं आहे?

सकाळचे अकरा. समोर एकच ईमेल उघडा आहे आणि तो तिसऱ्यांदा वाचून होतोय. शब्द कळतात, उत्तर सुचत नाही. मग उगाच एखादी फाइल उघडायची, चार बारीकसारीक मेसेजना ‘ओके’ म्हणायचं आणि पुन्हा त्याच ईमेलवर यायचं. हा माणूस रजेवर नाही. हजेरीपटावर तो पूर्ण दिवस भरतो. पण मनावरच्या ताणामुळे काम पुढे सरकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की, नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात. पण रजा निदान मोजता तरी येते. जागेवर बसून अडलेलं काम मोजायचं कसं?

अडतं ते कपाळामागे. तिथला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा मेंदूचा भाग चार गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरणं, त्यातली महत्त्वाची निवडणं, मोह आवरणं ही कामं करतो. आणि ताणापुढे पहिल्यांदा माघार घेतो तोही हाच. ताण वाढला की मेंदूत नॉरएपिनेफ्रिन आणि डोपामिन ही संदेश वाहणारी रसायनं प्रमाणाबाहेर स्रवतात, इथल्या पेशींमधला संवाद क्षीण होतो आणि सूत्रं जुन्या, सवयीने चालणाऱ्या भागांकडे जातात. म्हणून ‘ओके’ पटापट जातात, अहवालाचा पहिला परिच्छेद मात्र दिवसभर लिहून होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ आळस वाटतो.

मग काम कमी केलं की झालं? तेवढं सोपं नाही. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की, कामाचा बोजा जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी सर्वांत घातक. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून सुरू असलेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासातही, ज्यांच्या हातात आपल्या कामाची सूत्रं कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक आढळला. साहेबांना टेन्शन जास्त, ही आपली समजूत इथे उलटी पडते. मुदत दुसऱ्याने ठरवायची आणि जागरण आपण करायचं, अशा ठिकाणी आठवड्याला तासभर ध्यानवर्ग ठेवून फार काही साधेल असं मला वाटत नाही. (वर त्या ध्यानवर्गाचीही हजेरी घेतात!)

तास मोजण्याची खोड तशी जुनीच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत कामगारांचे तास आणि उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. जॉन पेन्कावेल या अर्थतज्ज्ञाने त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा दिसलं की आठवड्याला साधारण ५० तासांनंतर प्रत्येक जादा तासाचं उत्पादन घसरू लागतं. ७० तास राबलेल्यांचं एकूण काम ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. मधले चौदा तास माणसं यंत्रापाशी उभी होती, एवढंच.