कोंबडीला उपवास कळत नाही

मध्ययुगीन युरोपात ईस्टरआधीच्या ४० दिवसांच्या उपवासात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. पण हे कोंबड्यांना कोण सांगणार? त्यातून वसंत ऋतू, म्हणजे ऐन अंडी घालायचे दिवस. घरोघरी अंडी साठत जायची आणि उपवास सुटला की रंगवून वाटली जायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांचे १८ पेन्स मांडलेले आहेत. ती रंगवून, काहींना सोन्याचा वर्ख लावून राजाच्या माणसांना द्यायची होती.

सामान्य घरात कुठला आलाय वर्ख! तिथे कांद्याची सालं. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये अंड्याला सालं गुंडाळायची, वरून फडकं घट्ट बांधायचं आणि उकडायचं. साल जिथे चिकटली तिथे गडद, सुटली तिथे फिकट, अशी संगमरवरासारखी तांबूस नक्षी उठते. फेकायच्या वस्तूतून सण साजरा करणारी ही काटकसर मला वर्खापेक्षा जास्त आवडते. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी अंडी लाल करतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. तिथेही कांद्याची सालं चालतात, शिवाय आपल्या मंजिष्ठेच्या भावकीतल्या एका झाडाची मुळं. युक्रेनमध्ये एकरंगी ‘क्राशांका’ खायची आणि बाटिकसारखी मेणाने नक्षी काढलेली ‘पिसांका’ जपून ठेवायची. सोव्हिएत काळात दडपलेली ही पिसांका २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली.

ही हौस ख्रिश्चनांपुरती नाही. इराणी नवरोजच्या मेजावर रंगीत अंडी असतात. मुंबईतल्या पारशी-इराणी घरांतही २१ मार्चला ती दिसतात.

१८५६ मध्ये लंडनला १८ वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं औषध क्विनीन बनवायला बसला आणि हाती लागला जांभळा रंग. दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग काढायचा धंदा तिथून फोफावला. त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेत नेवार्कच्या एका औषधविक्रेत्याने अंडी रंगवायच्या गोळ्या विकायला काढल्या, आणि सालं केरात गेली.

आता ती परत आली आहेत, सोबत हळद, बीट आणि लाल कोबी. यातली कोबी मोठी लबाड. तिचं पाणी जांभळं, पण पांढरं अंडं त्यात बुडवून ठेवलं की बाहेर येतं निळं. कवच चुन्याचं, म्हणून रंग पालटतो.